साडेसहाशे मीटर

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
मी बादली, फडकं, मऊ ब्रश घेऊन
आधी गणवेशांची कपाटं पुसते, मग नकाशांच्या काचा,
सगळ्यात शेवटी तो.

माझ्या गुडघ्याच्या जरासा वर येतो.
जर्मन त्याला गोलियथ म्हणायचे.
बारसं करणारा विनोदी असावा,
नाहीतर त्या गोष्टीचा शेवट विसरलेला.

दोन पट्टे, पोलादी पाठ,
डोळे नाहीत, बसायला जागा नाही.
पोटात दारू ठासून
रस्त्यावरून एकटाच सरपटत यायचा,
मागे वायर सोडत. कोळ्यासारखा, म्हणणार होते,
पण कोळ्याला परत जायचं असतं.

शाळेची मुलं विचारतात, खेळणं आहे का?
बाई म्हणतात, नाही.
पण रिमोट आहे ना त्याला, मुलं म्हणतात.
बाई रांग सरळ करू लागतात.

माझी आत्या लेओकाद्या, सुईण.
चव्वेचाळीसच्या ऑगस्टात, वॉर्सॉ पेटलेलं असताना,
एका बेकरीच्या तळघरात
ती बाळंतिणीच्या उशाशी बसली होती.
पिठाच्या पोत्यांवर चादर, मेणबत्ती एक, पाणी अर्धी किटली.
तेव्हा बाहेरून आवाज आला,
शिवणयंत्राच्या पायट्यावर कुणी सावकाश पाय दाबावा तसा.

खिडकी रस्त्याच्या पातळीला, गज लावलेली.
आधी तिला वाटलं, कुणाचं तरी कासव सुटलं.
मग पट्टे दिसले.
चौकात आडव्या पाडलेल्या ट्रामकडे निघाला होता,
आणि ट्रामच्या पलीकडे आपली पोरं,
त्यातला एक या बाळाचा बाप.

वायर खिडकीला घासून चालली होती.
आत्याने गजांतून हात घातला.
हातात कात्री होतीच, उकळून ठेवलेली.
तीन पदरी वायर, तीन चावे घ्यावे लागले.
"नाळ कापताना," ती सांगायची,
"आधी दोन्ही बाजूंनी बांधून घ्यायची असते.
तिथं बांधायला कुठला वेळ!"

तो ट्रामपासून अकरा पावलांवर थांबला.
पावलं नंतर मोजली, पोरांनी.
रात्री त्याचं पोट उघडून दारू काढून नेली,
बाटल्यांत भरायला.

दुसऱ्या टोकाला कुणीतरी असेलच.
मांडीवर पेटी, पेटीवर बटणं.
त्याचं नाव मला कसं ठाऊक असणार?
मी त्याला फोल्कमार म्हणते, वय एकोणीस.
दाबत राहिला असेल. डावं. उजवं. मग ते शेवटचं.
पुन्हा ते शेवटचं.
पलीकडून कुणी फोन उचलत नाही
तेव्हा माणूस दाबतो तसं.
दया येते असं नाही.
पण पट्ट्याच्या खाचांत ब्रश फिरवताना
त्याचा अंगठा आठवतो, मी कधीच न पाहिलेला.

बाळ मुलगी झाली, पहाटे.
पुढे तिचं काय झालं, हे विचारलं की
आत्या चुलीवरचं काहीतरी ढवळायला उठायची.
चुलीवर काही नसलं तरी.

वायर मात्र तिने सोडली नाही.
चाळीसेक मीटर, अंगठ्यापासून कोपरापर्यंत
लोकरीसारखी गुंडाळून घेतली,
शहराबाहेर हाकललं तेव्हाही कोटाच्या आत होती.
लढाई संपल्यावर नव्या घराच्या अंगणात
दोन खांबांना बांधली.
माझे लंगोट तिच्यावर वाळले.
पांढऱ्या कपड्याला मधोमध काळी रेघ उठायची,
शेजारणी हसायच्या,
आत्या म्हणायची, धुतलं की जातं.
जायचं नाही.

याच्या पाठीमागे वायरचं रीळ आहे, रिकामं.
बोटाने ढकललं तर अर्धा वळसा फिरतं, मग अडतं.
शेजारी पाटी:
"मूळ वायर उपलब्ध नाही."
नवा अधिकारी फार मन लावून काम करतो,
जुन्या घरांतून काही मिळतं का, विचारत असतो.
मी मान हलवते.

पाच वाजता दिवे घालवते,
फडकं पिशवीत टाकते.
घरी जाऊन ते धुते, पिळते,
आणि बाल्कनीत
तिच्यावरच वाळत घालते.